जुन्या गाडीची हट्टी रबर माउंट्स बदलायचीत? पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

इंजिन, बॉडी आणि सस्पेन्शनला धरून ठेवणारी रबरं बदलायचं हे काम मॅन्युअलमध्ये तीन ओळींत संपतं. नट काढा, इंजिन थोडं उचला, जुनं माउंट काढून नवं बसवा. पण त्या तीन ओळी लिहिल्या तेव्हा गाडी नवी कोरी होती आणि आपल्यासमोर उभी आहे ती चाळीस-पन्नास वर्षं पाणी, चिखल, ऑइल आणि उष्णता खाल्लेली गाडी, तिचा नट आणि बोल्ट आता एकच झालेत, रबर दगडासारखं कडक किंवा चिखलासारखं मऊ झालंय आणि पाना लावायला जागा नाहीये. म्हणून हे सविस्तर लिहितोय, घाई न करता वाचा आणि मगच पाना हातात घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की ठरवायची, बळी कोणाचा द्यायचा. जुनं रबर तर जाणारच आहे, बोल्ट नवा मिळतो, नट नवा मिळतो, वॉशर नवा मिळतो. पण चॅसीच्या आत वेल्ड केलेला नट, इंजिन ब्लॉकमधले आटे, सस्पेन्शन आर्ममधलं बुशचं (रबर भरलेल्या नळीचं) घर, ह्या गोष्टी गाडीच्या आहेत, त्या गेल्या तर दोन तासांचं काम दोन आठवड्यांचं होतं. मी पहिल्यांदा बॉडी माउंट (चॅसी आणि बॉडीच्या मधला रबराचा ठोकळा) काढायला घेतलं तेव्हा हेच कळत नव्हतं, बोल्ट जाम आहे म्हणून लांब पाइप लावून जोर दिला, कट्ट आवाज आला, मला वाटलं सुटला, आणि मग बोल्ट मस्त गोल गोल फिरायला लागला कारण आतला नट त्याच्या पिंजऱ्यातून सुटला होता. शेवटी केबिनमधला गालिचा उचलून फ्लोअरला खिडकी पाडावी लागली. तो बोल्ट मी सरळ कापला असता तर काम तिथेच संपलं असतं. म्हणून पुढे जिथे जिथे मी "कापा" म्हणतोय तिथे ते हार मानणं समजू नका, गाडी वाचवायचा तोच मार्ग आहे.

माउंट का आहे आणि गेलंय कसं ओळखायचं

फार पूर्वी इंजिन सरळ चॅसीला बोल्टने आवळलेलं असायचं, सगळी थरथर सीटपर्यंत यायची. १९३१ साली क्रायस्लरने प्लिमथ गाडीत "फ्लोटिंग पॉवर" नावाने इंजिन रबरावर बसवलं, माउंट अशा उंचीवर लावले की इंजिन स्वतःच्याच वजनाच्या अक्षाभोवती डोलेल, आणि चार सिलिंडरची गाडी एकदम गुळगुळीत वाटायला लागली. पुढच्याच वर्षी सित्रोएनने लायसन्स घेऊन ते आपल्या गाड्यांत वापरलं. तेव्हापासून लोखंड-रबर-लोखंड असं सँडविच जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे, दोन पत्रे आणि मध्ये त्यांना चिकटलेलं रबर, दोन्ही बाजूंना स्टड (बाहेर आलेला आट्यांचा दांडा) किंवा बोल्टचं भोक.

हे चिकटणंच पुढे सुटतं. रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक होत जातं, ओझोनने ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पडतात, आणि वरून ऑइल गळत असेल तर नॅचरल रबर फुगून लोण्यासारखं होतं. बाहेरून माउंट ठीक दिसतं पण आत पत्र्यापासून सुटलेलं असतं, त्यामुळे नुसतं बघून "बरं आहे की" म्हणू नका.

लक्षणं म्हणजे आयडलला स्टिअरिंग थरथरणं, क्लच सोडताना झटका, गिअर टाकताना धप्प आवाज, वळणावर पंखा रेडिएटरच्या काउलला (पंख्याभोवतीच्या कव्हरला) घासणं, कधी गिअर आपोआप निघणं. तपासायची पद्धत सोपी आहे, हँडब्रेक पूर्ण ओढायचा, चाकांना ठोकळे, एक माणूस सीटवर ब्रेक दाबून बसतो आणि गिअरमध्ये क्लच अगदी हळू थोडासा सोडतो, दुसरा बॉनेट उघडून बाजूला उभा राहून इंजिनकडे बघतो. बाजूला म्हणजे बाजूलाच, गाडीच्या पुढे कधीही उभं राहायचं नाही. इंजिन थोडं कलणारच, पण एका बाजूने उडी मारल्यासारखं उचललं जात असेल तर तिथलं माउंट तुटलंय. मग इंजिन बंद करून माउंटजवळ लाकूड टेकवून टॉमीने (लांब लोखंडी पहारीने) हळूच उचलून बघा, पत्रा आणि रबर यांच्यात फट उघडते का.

हे दुर्लक्ष करायचं प्रकरण नाही हो. १९७१ च्या शेवटी जनरल मोटर्सला १९६५ ते १९७० च्या सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण माउंट तुटलं की इंजिन उचललं जायचं आणि त्याबरोबर थ्रॉटल ओढला जाऊन उघडाच अडकायचा. उपाय म्हणून इंजिनला धरून ठेवणारी एक केबल लावून दिली गेली. तुमच्या गाडीत थ्रॉटलला तारेऐवजी सळईची जोडणी असेल तर तुटलेल्या माउंटवर गाडी चालवूच नका.

पार्ट आधी आणा, पाना नंतर लावा

नवं माउंट हातात येईपर्यंत जुनं सोडू नका. आणि आलं की जुन्याशी जुळवून बघा, स्टडची जाडी आणि आट्यांचा प्रकार (जुन्या गाड्यांत मेट्रिक, इंची मापाचे यूएनएफ, कधी जुने ब्रिटिश व्हिटवर्थ, आणि एकाच गाडीत मिश्रण सुद्धा), स्टडमधलं अंतर, पत्र्यावर एखादी छोटी खुंटी आहे का जी ब्रॅकेटच्या खाचेत बसते, डावं-उजवं वेगळं आहे का. उंची मात्र जुळणार नाही, जुनं बसलेलं असतं, नवं थोडं उंच दिसणं बरोबरच आहे.

एक सापळा आहे, "जुना स्टॉक, कधी न वापरलेला, कंपनीचा ओरिजिनल" असा माल. धातूचा पार्ट असेल तर छानच, पण रबर खोक्यात बसूनही म्हातारं होतं. अंगठ्याचं नख रुतवून बघा, हलकी खूण पडून परत भरून आली पाहिजे, आणि थोडं वाकवून भेगा दिसतात का बघा. इंजिन माउंटचं रबर साधारण ४० ते ७० शोअर ए कडकपणाचं असतं, मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम नाहीतर नख पुरतं.

आणि पॉलियुरेथेन घ्यावं का हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. माझं स्पष्ट मत, रोजच्या किंवा रविवारच्या वापरातल्या जुन्या गाडीला इंजिन माउंट रबराचेच घ्या. पॉलियुरेथेन टिकतं, ऑइलला घाबरत नाही, पण कडक असतं आणि ज्या थरथरीसाठी माउंट आहे ती सगळी बॉडीत पाठवतं, मग डॅशबोर्डचे स्क्रू ढिले होणं, आरसा थरथरणं सुरू. सस्पेन्शनमध्ये एकवेळ चालेल, तिथेही त्याचं खास ग्रीस लावलं नाही तर करकरतं.

आठवडाभर आधीपासून ऑइल

ही पायरी लोक गाळतात आणि मग रडतात. काम रविवारी करायचं असेल तर आधीच्या सोमवारपासून सुरुवात करा. वायर ब्रशने स्टडचे बाहेर दिसणारे आटे घासून स्वच्छ करा, माती-डांबर-ऑइल खरवडून काढा, कारण ऑइल मातीत मुरलं तर आट्यांपर्यंत जाणारच नाही. मग पेनिट्रेटिंग ऑइल रोज थोडं थोडं, संध्याकाळी मारायचं आणि नटवर हातोडीने पाच-सहा हलके ठोके, त्या थरथरीने ऑइल आत सरकतं. डब्ल्यूडी-४० सगळीकडे असतं पण ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, खास पेनिट्रेटिंग ऑइल मिळालं तर तेच घ्या. अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि अर्धा अ‍ॅसिटोन हे घरगुती मिश्रण पण भारी चालतं, ते वेगळं होत राहतं म्हणून दरवेळी हलवून घ्यायचं, बंद डब्यात ठेवायचं, रंगावर सांडू द्यायचं नाही आणि हे पेट घेतं हे विसरायचं नाही, म्हणजे ज्या दिवशी ते लावलंय त्या दिवशी आगीचं काहीही जवळ आणायचं नाही.

जमलं तर मधल्या दिवसांत गाडी थोडी चालवून घ्या, इंजिन गरम-थंड होतं तसं ऑइल आत ओढलं जातं. (माउंट पूर्ण तुटलेलं असेल तर अर्थातच चालवू नका.)

उचलताना

गाडी सपाट पक्क्या जमिनीवर, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, जॅकने उचलून लगेच घोड्यांवर (अ‍ॅक्सल स्टँडवर) ठेवायची, घोड्या चॅसीच्या किंवा सबफ्रेमच्या मजबूत जागी, आणि ठेवल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायची. हलली तर परत ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात सुद्धा घालायचा नाही, डोकं तर लांबच. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक वापरू नका, ते आधी काही न सांगता फुटतात.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. डोळ्यांवर गॉगल लावा, खाली झोपून वर बघत काम करायचंय आणि गंजाचा चुरा सरळ डोळ्यातच पडतो.

इंजिनला आधार द्यायला दुसरा जॅक, पण ऑइल चेंबरला सरळ जॅक लावला तर पत्र्याचं चेंबर आत दबतं आणि आतल्या ऑइल पंपाच्या जाळीला टेकतं, म्हणून मध्ये रुंद जाड लाकडी फळी ठेवायची. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर मी तिथे अजिबात लावत नाही, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या घराच्या) कडेखाली लाकूड ठेवून उचलतो किंवा वरून साखळीने इंजिन धरतो.

उचलायच्या आधी इंजिनला काय काय जोडलेलं आहे ते बघून घ्या आणि मोबाइलवर चार फोटो काढा. रेडिएटरचे होज, थ्रॉटलची केबल किंवा सळई, क्लच केबल, सायलेन्सरचा पुढचा पाइप, अर्थची जाड वेणी, स्पीडोमीटरची केबल, पंखा आणि काउलमधलं अंतर. माउंट निघायला बहुतेक वेळा दोन-तीन सेंटिमीटर उचललं तरी पुरतं, त्यापेक्षा जास्त लागत असेल तर काहीतरी अडकलंय, थांबा आणि शोधा. एकावेळी एकच बाजू सोडा, दुसरी बाजू ढिली करा पण काढू नका, म्हणजे इंजिन जागेवरून सरकत नाही.

आता हट्टी नट

पाना सहा कोनांचा घ्या. बारा कोनांची गोटी (सॉकेट) गंजलेल्या नटचे कोपरे खाते आणि एकदा कोपरे गेले की खेळ कठीण. गोटी पूर्ण आत ठोकून बसवा.

आधी घट्ट करायच्या दिशेने अगदी थोडा जोर द्या, गंजाची पकड मोडते, मग सोडायच्या दिशेने. एक अष्टमांश वळसा सुटला की परत मागे, ऑइल, परत पुढे. असं पुढेमागे करत काढायचं, सरळ ओढत सुटलात तर गंजाचा चुरा आट्यांत अडकून आटे मरतात किंवा स्टड तुटतो. हाताला अंदाज येतो, जाम नट "कट्ट" करून सुटतो आणि तुटणारा बोल्ट मऊ, रबरासारखा पिळला जातो. तो मऊपणा जाणवला की त्याच क्षणी थांबा.

उष्णता हा पुढचा उपाय. नट गरम करायचा, बोल्ट नाही, कारण नट फुगला पाहिजे. गरम झाल्यावर त्यावर साधी मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत शिरतं आणि ते खरंच कमाल काम करतं. पण माउंटजवळ पेट्रोलची लाइन, ब्रेकचा पाइप, ऑइलचा थर, आणि रबर स्वतः, सगळं पेटणारं. जळतं रबर काळा विषारी धूर सोडतं आणि विझवायला त्रास देतं. म्हणून नवीन माणसाने गाडीखाली ज्योत वापरू नये असं मी सांगेन, विजेवर चालणारा इंडक्शन हीटर मिळाला तर तो वापरा, नसेल तर उष्णता सोडून सरळ पुढच्या पायरीवर जा. आणि वापरलीच तर आग विझवायचं सिलिंडर हाताशी आणि दुसरा माणूस जवळ.

पुढची पायरी म्हणजे कापणं. नट मोकळा दिसत असेल तर नट फोडायचं यंत्र लावून फोडा, किंवा हॅक्सॉ ब्लेडने नटची एक बाजू स्टडला समांतर कापत न्या आणि छिन्नीने उघडा.

सगळा नटच फिरतोय पण सुटत नाही

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रकार आणि यावर मॅन्युअलमध्ये काहीच नसतं. रबर फाटलेलं असतं त्यामुळे नट फिरवला की स्टडसकट अख्खा पत्रा फिरतो. जुनं रबर वाचवायचं नाहीये हे आठवा. माउंटच्या मधोमध रबर आडवं कापून टाका. कोरडं ब्लेड रबरात चिकटतं आणि अडकतं, म्हणून साबणाचं पाणी मारत राहा, मग लोणी कापल्यासारखं जातं. दोन तुकडे झाले की इंजिन वर करा, आता स्टडचा पत्रा मोकळा हातात आला, त्याच्या कडेला व्हाइस ग्रिप (लॉक होणारी पक्कड) घट्ट पकडून ती चॅसीला टेकवा आणि नट सोडवा. माझ्या हातून गेलेल्या हट्टी माउंटपैकी बरेचसे असेच निघाले, नटशी तासभर झटापट करण्यापेक्षा दहा मिनिटांत रबर कापलेलं बरं.

चॅसीच्या आतला पिंजऱ्यातला नट फिरत असेल तर जोर वाढवू नका, इम्पॅक्ट गन तर मुळीच लावू नका. बाजूच्या भोकातून लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा चपटी सळई घालून नटची एक बाजू अडकवता येते का बघा. नाही जमलं तर बोल्टचं डोकं ग्राइंडरने उडवा, बॉडी वर उचला आणि उरलेला दांडा व्हाइस ग्रिपमध्ये धरून काम करा, वरून पोहोचायला जागा नसेल तर मग फ्लोअरला छोटी खिडकी पाडून नट नवा वेल्ड करून खिडकी परत बंद करणं हाच सरळ रस्ता, आणि वेल्डिंग येत नसेल तर हे करणाऱ्याकडे द्या. ग्राइंडर चालवताना ठिणग्या कुठे उडतात ते बघा, पेट्रोल टाकीच्या दिशेने उडत असतील तर हॅक्सॉ घ्या, वेळ लागू द्या.

बॉडी माउंट

ज्या गाड्यांना वेगळी चॅसी आणि वर ठेवलेली बॉडी असते त्यांच्यात हे आठ-दहा-बारा रबराचे ठोकळे असतात. एका कोपऱ्यातलं एकच माउंट काढायला बॉडी तिथेच उचलू नका, बॉडी पिळते आणि दारं लागेनाशी होतात. एका बाजूचे सगळे बोल्ट काढायचे, दुसऱ्या बाजूचे दोन-तीन वळसे ढिले ठेवायचे, आणि ती अख्खी बाजू लांब लाकडी ओंडक्यावर जॅक लावून थोडी थोडी उचलायची. उचलली की लगेच चॅसी आणि बॉडीच्या मध्ये लाकडाचे ठोकळे सरकवा, बोटं तिथे घालायची असतात म्हणून हे आधी.

स्टिअरिंग कॉलमची जोडणी, पेट्रोल भरायची नळी, ब्रेकच्या नळ्या, गिअरचा दांडा, रेडिएटर जर चॅसीवर आणि काउल बॉडीवर असेल तर पंखा, ह्या सगळ्यांवर उचलताना नजर ठेवा. आणि प्रत्येक माउंटखाली पातळ पत्र्याच्या शिम निघतात त्या कुठल्या माउंटच्या किती होत्या ते पिशवीत घालून पिशवीवर लिहा. त्या शिम कारखान्यात दारांच्या फटी जुळवायला घातलेल्या आहेत, उगीच टाकलेल्या नाहीत. काम सुरू करायच्या आधी दारांच्या फटी मोजून चिकटपट्टीवर लिहून ठेवल्या असतील तर शेवटी फार उपयोग होतो.

सस्पेन्शनचे बुश

हे वेगळ्या जातीचे आहेत. बाहेर लोखंडी नळी, आत रबर, त्यात अजून एक बारीक नळी, आणि तिच्यातून जाणारा बोल्ट. बहुतेक वेळा बोल्ट त्या आतल्या नळीतच गंजून एकजीव होतो, नट सुटतो पण बोल्ट बाहेर येत नाही, फिरवला तर रबर पिळलं जातं आणि परत मागे येतं. थोडा हातोडा मारून बघा (नट टोकाशी उलटा लावून, म्हणजे आटे वाचतील), पण ब्रॅकेटचे कान वाकायला लागले तर थांबा. नळी आणि ब्रॅकेट यांच्यातल्या फटीतून ब्लेड घालून बोल्ट दोन्हीकडून कापा, आर्म बाहेर काढा.

आर्म हातात आल्यावर जुना बुश कुठल्या कोनात बसला होता ते आर्मवर खूण करा, काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळी ठेवलेली असते आणि तिची दिशा चुकली तर गाडी वेगळीच वागते. मग रबरात ड्रिलने चारपाच भोकं पाडून मधली नळी ठोकून काढा. आता उरली बाहेरची नळी, आणि इथे नवीन माणूस हमखास चुकतो. ती नळी बुशची आहे की आर्मचंच घर आहे हे आधी नीट बघा, कड कानसने घासून साफ केली की दोन नळ्यांमधली बारीक रेष दिसते. काही जुन्या गाड्यांत बाहेरची नळी नसतेच, रबर सरळ घरात बसवलेलं असतं, तिथे कापायला घेतलंत तर आर्म गेला.

नळी आहे हे नक्की झालं की हॅक्सॉचं ब्लेड फ्रेममधून काढून भोकातून घाला, परत फ्रेमला लावा आणि आतून बाहेर कापत या. जवळजवळ पूर्ण कापलं की थांबा, शेवटची पातळ साल छिन्नीने आत दुमडा, नळी गोळा होऊन हाताने निघते. आर्मला ओरखडा पडू नये म्हणून हे हळू करा, मला एका आर्मला पाऊण तास लागतो आणि तो मी आनंदाने देतो.

नवा बुश बसवायच्या आधी घर एमरी पेपरने चकचकीत करा, कडेची धार थोडी मारा. बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. गणित बघा, पोलाद दर अंश सेल्सिअसला एका मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन आकसतं, म्हणजे ५० मिलिमीटरचा बुश ४० अंशांनी गार केला तर साधारण दोन शतांश मिलिमीटर बारीक होतो. एवढंसं वाटतं, पण घट्ट बसणाऱ्या वस्तूला तेवढंही खूप झालं. आत ओढायला जाड हाय टेन्साइल दांडा, दोन नट, जाड वॉशर, एका बाजूला बुशच्या बाहेरच्या नळीवरच टेकेल एवढी गोटी आणि दुसऱ्या बाजूला बुश मावेल एवढा पाइपचा तुकडा. दाब बाहेरच्या नळीवरच यायला हवा, रबरावर किंवा मधल्या नळीवर दाबलंत तर नवा बुश जागेवरच फाटतो. पहिला एक-दोन मिलिमीटर सरळ शिरतोय ना ते चारही बाजूंनी बघा, तिरका गेला तर काढून परत.

रबराला सरकवायला साबणाचं पाणी, ग्लिसरीन किंवा सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल नॅचरल रबराला लावायचं नाही, नव्या बुशचं आयुष्य तिथेच कमी होतं. सायलेन्सरची रबरं पण साबणाच्या पाण्यानेच, त्यांच्याबद्दल अजून काही सांगण्यासारखं नाही, दहा मिनिटांचं काम आहे आणि पहिला सराव म्हणून तिथूनच सुरुवात करा.

आवळणं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात

इंजिन माउंटचे सगळे नट आधी हाताने दोन-तीन वळसे लावा, एकही पूर्ण आवळू नका. भोकं जुळत नसतील तर टॉमीने इंजिन हळू सरकवा, बोल्टने ओढून जुळवू नका. मग जॅक हळूहळू खाली, इंजिनचं सगळं वजन माउंटवर येऊ द्या, इंजिन हाताने थोडं हलवा म्हणजे ते आपली जागा स्वतः शोधतं, आणि मगच क्रमाने आवळा. रबर आधीच पिळून आवळलं तर नवं माउंट बसवूनही थरथर राहते आणि लोक माउंटलाच शिव्या देतात.

सस्पेन्शनच्या बुशला तर हा नियम अजून कडक. रबर दोन्ही नळ्यांना पकडून असतं आणि बोल्ट आवळला की मधली नळी ब्रॅकेटला घट्ट होते, त्यानंतर आर्म वर-खाली होतो तेव्हा फक्त रबर पिळतं. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळताना आवळलंत तर गाडी खाली ठेवल्या क्षणापासून रबर कायमचं पिळलेलं राहतं, थोड्याच महिन्यांत फाटतं आणि गाडी एका बाजूला उंच पण दिसते. म्हणून चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर, पुढून-मागून दाबून दोन-तीनदा उसळवून, मगच शेवटचं आवळणं. खाली शिरायला जागा नसेल तर आर्मखाली जॅक लावून गाडी घोडीवरून जेमतेम उचलली जाईल एवढा आर्म वर आणा.

किती आवळायचं ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या आणि टॉर्क रेंच वापरा. आट्यांना अँटी सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलं असेल तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, त्यामुळे मी ते फक्त बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला आणि मधल्या नळीत लावतो, आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवतो. पुढच्या वेळी हाच बोल्ट दोन बोटांनी बाहेर येतो. लॉकनट आणि स्प्रिंग वॉशर नवेच.

चालू करायच्या आधी

पंखा हाताने पूर्ण फिरवून बघा, काउलला कुठे लागतोय का. नव्या माउंटने इंजिन थोडं उंच आलेलं असतं, त्यामुळे जुन्या बसक्या जागेला जुळवून घेतलेला सायलेन्सरचा पाइप आता बॉडीला टेकू शकतो, थ्रॉटलची जोडणी ओढली गेलेली असू शकते. इंजिन बंद ठेवून कोणाला तरी अ‍ॅक्सलरेटर पूर्ण दाबून सोडायला सांगा, कार्ब्युरेटरवरचा लिव्हर झटकन मागे आलाच पाहिजे. अर्थची वेणी परत लावली ना ते बघा, ती विसरली तर स्टार्टरचा करंट क्लच किंवा थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते. बॅटरी जोडा, चालू करा, आणि सुरुवातीची तीच हँडब्रेकवाली चाचणी परत करा, तसंच बाजूला उभं राहून.

जुनं माउंट ऑइलने फुगून गेलं होतं का ते फेकायच्या आधी बघा. गेलं असेल तर वर कुठेतरी गळतंय, बहुतेक वेळा टॅपेट कव्हरचं गॅस्केट, ते आधी बंद करा नाहीतर नवंही तसंच जाईल. आणि रबर भाजल्यासारखं कडक, चुरा होणारं असेल तर एक्झॉस्टच्या बाजूची उष्णतेची पत्र्याची ढाल गायब आहे का बघा, मागच्या कोणीतरी काढून परत लावलेली नसते.

शे-दोनशे किलोमीटर झाले की गाडी थंड असताना सगळ्या नटांवर परत एकदा टॉर्क रेंच फिरवा, नवं रबर तेवढ्यात थोडं बसलेलं असतं आणि एखादा नट पाव वळसा घेतोच. बॉडी माउंट बदलले असतील तर त्याच दिवशी दारांच्या फटी चिकटपट्टीवरच्या आकड्यांशी जुळवा, कमी-जास्त दिसली तर पिशवीतली एखादी शिम इकडची तिकडे करायची तीच वेळ आहे.